शिडाच्या बोटीवर डेकखालचा ऑटोपायलट: आधी पाया, मग बटणं

व्हील हातात धरून बसण्याची मजा पहिले दोन-तीन तास असते. मुंबईहून पहाटे निघून गोव्याच्या वाटेला लागलात, की रत्नागिरी यायच्या आतच दोघांचेही खांदे भरून येतात आणि चहा कोणी करायचा यावरून कुरबूर सुरू होते. एकट्याने जाणाऱ्याची तर गोष्टच वेगळी. नौदलाचे दिलीप दोंदे २००९-१० मध्ये आणि अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीवरून एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. माणूस झोपतो तेव्हा सुकाणू दुसऱ्या कशाच्या तरी हवाली करावंच लागतं.

ते काम करणारं यंत्र म्हणजे ऑटोपायलट. ३५ ते ४५ फुटांच्या, व्हीलवर चालणाऱ्या फायबरग्लासच्या बोटीवर तो डेकखाली कसा बसवायचा, त्याचा हा लेख आहे. पाना-ड्रिल हातात धरता येतं, वायरिंगची भीती वाटत नाही, पण ऑटोपायलट कधी बसवलेला नाही, असा वाचक समोर धरला आहे. बहुतेक सगळं काम बोट पाण्यात असताना होतं. एका जागी मात्र सांभाळावं लागतं, ते पुढे येईलच.

काय काय येतं त्यात

व्हीलवर पट्टा चढवून चालणारा साधा पायलट वेगळा. तो हलक्या बोटींसाठी ठीक असतो. रेमरीन ही कंपनी आपल्या अशा व्हील पायलटची मर्यादा साडेसात टन देते. डेकखालचा पायलट व्हीलला हातच लावत नाही. तो कॉकपिटखाली, थेट सुकाणूच्या दांड्याला धरून ढकलतो आणि ओढतो.

वस्तू पाच. जोर लावणारा ड्राइव्ह, त्याला हुकूम सोडणारा कॉम्प्युटर, बोटीचं तोंड कुठे आहे ते सांगणारा दिशा-सेन्सर, सुकाणू किती अंश वळलंय ते कळवणारा रडर रेफरन्स आणि कॉकपिटमधली बटणांची पाटी. सेन्सर दिशा सांगतो, कॉम्प्युटर ती ठरवलेल्या दिशेशी ताडून बघतो, ड्राइव्ह सुकाणू हलवतो, रेफरन्स ‘एवढं हललं’ म्हणून कळवतो. हे चक्र सेकंदात अनेकदा फिरतं.

नवखा माणूस पैसे आणि उत्साह दोन्ही बटणांच्या पाटीवर आणि रंगीत स्क्रीनवर घालवतो. माझं मत सरळ आहे: पायलट टिकतो की नाही ते ड्राइव्ह ज्याला बांधलाय त्या ब्रॅकेटवर ठरतं. इलेक्ट्रॉनिक्स एका शनिवार-रविवारात जोडून होतं. पायाला आठवडा लागला तरी चालेल.

आधी सुकाणू तपासा

बोट धक्क्याला असताना व्हील या टोकापासून त्या टोकापर्यंत एका बोटाने फिरवून बघा. कुठे जड लागतं? कुठे अडकून सुटतं? नायलॉनसारख्या प्लास्टिकची बेअरिंग पाणी पिऊन फुगतात आणि दांडा आवळून धरतात. अशा सुकाणूला पायलट जोडलात तर तो रात्रंदिवस त्या घर्षणाशी झगडेल आणि त्याची किंमत बॅटरी मोजेल. बोट वर काढलेली असेल, तर सुकाणूच्या पात्याचं खालचं टोक धरून हलवा. खडखड लागली तर बेअरिंग आधी बदला. केबलचा ताण आणि पुल्यांचे बोल्टही याच फेरीत बघून घ्या.

मग एक फेरी शिडावर मारा. जोराच्या झोतात बोट वाऱ्याकडे तोंड फिरवत असेल आणि ती सरळ ठेवायला व्हील सतत बरंच वळवून धरावं लागत असेल, तर मोठ्या शिडाला रीफ घ्या, म्हणजे ते थोडं गुंडाळून लहान करा, आणि त्याची आडवी काठी बाजूला सरकवणारा ट्रॅव्हलर सोडा. हा दोष शिडाचा आहे. पायलट तो झाकतो, दूर करत नाही.

ड्राइव्ह किती ताकदीचा

बोटीच्या कागदावर लिहिलेलं वजन रिकाम्या बोटीचं असतं. पाणी, डिझेल, नांगराची साखळी, डबाबंद खाणं, डिंगी, दोन माणसांचा संसार धरला की ते वीसेक टक्क्यांनी वाढतं. कागदावर साडेआठ टन असलेली बोट प्रवासाला निघते तेव्हा दहा टनांच्या वर गेलेली असते. रेमरीनचा टाइप १ ड्राइव्ह ११ टनांपर्यंतचा, टाइप २ चा आखूड १५ आणि लांब २० टनांपर्यंतचा. दहा टनांची बोट ११ च्या ड्राइव्हवर बसते हे खरं, पण काठाकाठानेच. किनाऱ्या-किनाऱ्याने फिरणार असाल तर चालेल. समुद्र ओलांडायचा असेल तर एक पायरी वर जा. मोठा ड्राइव्ह आरामात काम करतो, म्हणून टिकतो.

प्रकार मुख्यतः दोन: मोटर आणि स्क्रूवर चालणारा यांत्रिक, आणि तेलाच्या दाबावर चालणारा हायड्रॉलिक. चाळीस फुटांपर्यंत यांत्रिक पुरतो, वीज कमी खातो आणि तेल गळायची भीती नाही. जड बोटींना हायड्रॉलिक बरा. दोन्हींत एक गोष्ट असायलाच हवी: पायलट बंद केल्यावर व्हील मोकळं व्हायला हवं. यांत्रिकमध्ये ते काम विजेवर चालणारा क्लच करतो, हायड्रॉलिकमध्ये बायपास व्हॉल्व्ह.

कॉम्प्युटर ड्राइव्हच्या जोडीचाच घ्या. मोठा ड्राइव्ह आणि लहान कॉम्प्युटर अशी विजोड जोडी लावली की ऐन लाटांत त्याचा फ्यूज उडतो.

मागच्या कप्प्यात उतरा

आता कॉकपिटच्या मागचा सामानाचा कप्पा, ज्याला सगळे लॅझरेट म्हणतात, तो पूर्ण रिकामा करा. फेंडर, दोर, जुने डबे, सगळं बाहेर. आत उताणे पडून टॉर्च लावा. बोटीचा हा भाग मालकाने बहुतेक कधी नीट पाहिलेला नसतो.

सुकाणूचा दांडा शोधा आणि व्हर्निअरने त्याचा व्यास दोन-तीन ठिकाणी मोजा. केबल ज्यावर गुंडाळलेली असते तो क्वाड्रंट बघा. त्याच्या वर किंवा खाली दांड्यावर मोकळी जागा किती मिलीमीटर उरते ते लिहा. नवीन हात, म्हणजे टिलर आर्म, तिथे बसणार आहे.

आता थोडं गणित, कारण इथेच गफलत होते. सुकाणू दोन्ही बाजूंना ३५-३५ अंश वळतं असं धरा. हातावरचं भोक दांड्याच्या मध्यापासून २५० मिलीमीटरवर असेल, तर ड्राइव्हला एकूण २ × २५० × साइन ३५°, म्हणजे २८७ मिलीमीटर सरकावं लागतं. ड्राइव्हची धाव ३०० असेल तर दोन्ही टोकांना मिळून १३ मिलीमीटर उरतात. ‘जरा लांब हात केला तर जोर जास्त मिळेल’ म्हणून भोक २७० वर पाडलंत, तर ३१० लागतील आणि सुकाणू टोकाला पोचायच्या आधी ड्राइव्हच संपेल. उलट भोक २०० वर आणलंत, तर तेवढ्याच वळवण्यासाठी जोर सव्वापट लागेल, आणि तोच सव्वापट जोर तुमच्या पायावरही येईल. ड्राइव्हच्या पुस्तिकेत हाताची लांबी दिलेली असते ती का पाळायची, ते यावरून लक्षात येईल.

दुसरी गोष्ट कोनाची. सुकाणू मधोमध आणि ड्राइव्ह अर्ध्या धावेवर असताना हात आणि ड्राइव्ह यांच्यात काटकोन हवा. काटकोन चुकला की एका बाजूला वळताना जोर पुरतो आणि दुसऱ्या बाजूला कमी पडतो.

तिसरी गोष्ट बरेच जण विसरतात. सुकाणूचा दांडा बहुतेक बोटींत अगदी उभा नसतो, किंचित तिरका असतो. हात त्या दांड्याभोवती फिरतो, म्हणजे तो एका तिरक्या पातळीत फिरतो. ड्राइव्ह त्या पातळीत यायला हवा. स्पिरिट लेव्हल लावून जमिनीशी समांतर बसवलात, तर टोकाच्या गोल सांध्यावर प्रत्येक हालचालीला मुरड पडते आणि तो झिजतो. टोकाचे सांधे थोडी तिरपाई सोसतात, पण ती चुकून राहिलेल्या अंशा-दोन अंशांसाठी राखून ठेवा.

हे सगळं कागदावर मांडण्यापेक्षा लाकडात करून बघणं सोपं. प्लायवूडच्या पट्टीचा एक खोटा हात कापा. ड्राइव्ह अर्ध्या धावेवर जेवढा लांब असतो तेवढ्या लांबीची एक काठी घ्या, आणि पूर्ण बाहेर व पूर्ण आत असतानाच्या लांबीच्या आणखी दोन. हात दांड्याला क्लॅम्पने धरा, काठ्या एकेक करून लावा आणि दुसऱ्याला व्हील फिरवायला सांगा. ड्राइव्हची मोटर बाजूला फुगलेली असते, तिच्या मापाचा पुठ्ठ्याचा खोका काठीला चिकटवा. एक्झॉस्टचा पाइप, गॅसच्या बाटलीचा कप्पा, क्वाड्रंटची केबल, काय काय आड येतं ते अर्ध्या तासात कळतं. व्हील निकामी झालं तर सुकाणू हाताने फिरवायचा दांडा, म्हणजे इमर्जन्सी टिलर, वरून घालून बघायलाही विसरू नका. नवीन हातामुळे तो बसेनासा झाला तर सगळा बेत बदलावा लागतो.

हात वेगळाच हवा

क्वाड्रंटला एक भोक पाडून त्यालाच ड्राइव्ह जोडायचा मोह होतो, कारण हाताचे पैसे वाचतात. करू नका. क्वाड्रंट बहुधा ॲल्युमिनियमचं ओतीव असतं, केबलच्या ओढीसाठी बनवलेलं. एका बिंदूवर येणाऱ्या उलटसुलट धक्क्यांनी त्याला तडा जातो.

वेगळ्या हाताचा खरा फायदा दुसरा आहे. केबल तुटली, साखळी निसटली, व्हील नुसतं गरागरा फिरायला लागलं, तरी पायलटचा रस्ता निराळा असल्याने बोट बटणांवर चालवता येते. सुकाणूयंत्रणा बिघडणं दुर्मीळ नाही. नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांची ‘तारिणी’ ही बोट पृथ्वीपरिक्रमेच्या शेवटच्या टप्प्यात, एप्रिल २०१८ मध्ये, सुकाणूच्या दुरुस्तीसाठीच मॉरिशसच्या पोर्ट लुईला थांबली होती.

हात कांशाचा, ॲल्युमिनियमचा किंवा स्टेनलेसचा मिळतो, तुमच्या दांड्याच्या व्यासाला भोक कापून. दोन अर्धे दांड्याभोवती बोल्टने आवळले जातात आणि तो घसरू नये म्हणून चावी किंवा आरपार बोल्ट असतो. फक्त आवळून ठेवलेला हात एखाद्या वादळी रात्री दांड्यावर फिरतो. स्टेनलेसच्या दांड्यावर ॲल्युमिनियमचा हात चढवताना मध्ये गंजरोधक पेस्ट लावा. खाऱ्या हवेत हे दोन धातू एकमेकांना भिडले की ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी व्हायला लागते.

सुरुवातीला म्हटलं होतं ती सांभाळायची जागा हीच. काही बोटींत क्वाड्रंट किंवा त्याच्या वरची कॉलर सुकाणूचं वजनही पेलत असते. जागा करायला म्हणून ती सैल केलीत, तर सुकाणू दांड्यासकट खाली सरकतं, आणि पाण्यात असलेल्या बोटीला तळाशी मनगटाएवढं भोक पडतं. सुकाणू कशावर लटकलंय हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एकही बोल्ट सैल करू नका. शंका असेल तर हे काम पावसाळ्यात बोट वर काढलेली असताना करा.

पाया

ड्राइव्ह ३०० किलोचा जोर लावतो म्हणजे त्याच्या दुसऱ्या टोकालाही तेवढाच जोर बसतो, कधी ढकलणारा, कधी ओढणारा. चार धट्टीकट्टी माणसं त्या ब्रॅकेटवर मिनिटाला कित्येकदा उड्या मारतायत, दिवस-रात्र, आठवडाभर, असं समजा आणि मग बनवा.

बोटीची बाजू, म्हणजे हलची कातडी, एकटी हा भार पेलत नाही. ती आतबाहेर होते आणि काही महिन्यांत फायबरला केसासारख्या भेगा पडतात. भार जायला हवा तो बल्कहेडवर, म्हणजे बोटीच्या आतल्या आडव्या भिंतीवर, किंवा हलला आतून लांबीने जोडलेल्या कण्यांवर. जवळ भक्कम बल्कहेड असेल तर निम्मं काम झालं. नसेल तर १८ ते २५ मिलीमीटरच्या मरीन प्लायचा फळा हलला आणि शेजारच्या कण्याला धरून बसवा. सुकाणूचा दांडा जितका तिरका तितकाच हा फळाही तिरका.

फळा लावायच्या जागी रंग आणि फायबरवरचा चकचकीत थर, म्हणजे जेलकोट, ग्राइंडरने पूर्ण काढा, खालचा कोरा फायबर दिसेपर्यंत. मास्क लावा; बंद कप्प्यातली ती धूळ छातीत जाते आणि अंगाला खाज सुटते ती वेगळीच. ॲसिटोनने पुसा. फळ्याच्या कडेला घट्ट केलेल्या एपॉक्सीची गोलाई भरा आणि तिच्यावरून काचतंतूंच्या कापडाचे थर चढवा, दोन्ही बाजूंनी, हलवर आणि फळ्यावर किमान १०० मिलीमीटर पसरलेले. बायॲक्सिअल, म्हणजे दोन दिशांनी धागे असलेल्या, कापडाचे तीन-चार थर लागतात, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा रुंद. रेझिन एपॉक्सीच घ्या. बोट पॉलिएस्टरची असली तरी पक्क्या झालेल्या जुन्या फायबरला पॉलिएस्टर तितकं धरत नाही.

आपल्याकडच्या हवेबद्दल एक गोष्ट. मे महिन्यात मुंबईत किंवा पणजीत कालवलेलं एपॉक्सी डब्यातच धूर सोडायला लागतं. संथ हार्डनर घ्या, एका वेळी वाटीभरच कालवा, आणि ते खोल डब्यात न ठेवता पसरट ट्रेमध्ये ओता. दमट हवेत पक्क्या थरावर मेणचट पापुद्रा येतो. पुढचा थर देण्याआधी तो साध्या पाण्याने आणि घासणीने धुऊन काढा, नाहीतर वरचा थर नुसता टेकून राहील.

बोल्टची भोकं थेट प्लायमध्ये सोडू नका. हवी त्यापेक्षा मोठी भोकं पाडा, एपॉक्सीने भरा, पक्की झाली की त्यातून नेमक्या मापाची पाडा. म्हणजे पाणी प्लायपर्यंत पोचत नाही. ब्रॅकेटच्या मागे पाच-सहा मिलीमीटरची स्टेनलेस प्लेट, ३१६ स्टेनलेसचे आरपार बोल्ट, रुंद वॉशर, नायलॉक नट. लाकडी स्क्रू नाही, कितीही लांब असला तरी नाही.

परीक्षा अशी घ्या. ड्राइव्ह जोडून क्लच लावा. एकाने व्हीलवर दोन्ही हातांनी जोर लावायचा, दुसऱ्याने आत पडून ब्रॅकेट आणि हल यांच्या सांध्यावर नख टेकवून ठेवायचं. नखाला हालचाल जाणवली तर पाया नापास. उद्या घट्ट होईल असं काही नसतं, तो सैलच होत जातो.

स्टॉप

सुकाणू टोकाला गेलं की ते कशावर तरी आपटून थांबायला हवं, आणि ते ‘कशावर तरी’ म्हणजे ड्राइव्ह नव्हे. बऱ्याच बोटींत क्वाड्रंटसाठी पक्के स्टॉप असतात. काहींत ते झिजलेले असतात, काहींत मागच्या मालकाने काढलेले. व्हील हाताने दोन्ही टोकांना नेऊन स्टॉपवर टेकवा आणि प्रत्येक टोकाला ड्राइव्हचा शाफ्ट आणखी किती सरकू शकतो ते मोजा. दोन्हीकडे पाच-सहा मिलीमीटर उरायलाच हवेत. बोट मागे जात असताना लाट सुकाणूवर उलटी बसली, तर तो तडाखा स्टॉपने खायचा, ड्राइव्हच्या गिअरने नाही.

रडर रेफरन्सही याच वेळी बसवून टाका. त्याच्या छोट्या हाताची लांबी आणि टिलर आर्मवरच्या खुंटीचं दांड्याच्या मध्यापासूनचं अंतर सारखंच ठेवा आणि जोडकाठी अशी लावा की समांतरभुज चौकोन होईल. तसं झालं तरच रेफरन्सचा एक अंश म्हणजे सुकाणूचा एक अंश.

वायर

कॉम्प्युटर कोरड्या जागी, पण ड्राइव्हच्या जमेल तितका जवळ. लॅझरेटमध्ये पाणी येतं, म्हणून मागच्या केबिनमधलं कपाट बरं.

वायर जाड घ्या. किती जाड ते मोजून बघू. बॅटरी ते कॉम्प्युटर ६ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन १२ मीटर. मोटर जोरात असताना २५ अँपिअर ओढते असं धरा. ६ चौरस मिलीमीटरच्या तांब्याच्या वायरीत ०.८७ व्होल्ट वाटेतच मुरतात, १० मध्ये ०.५३, १६ मध्ये ०.३३. बारा व्होल्टच्या बोटीवर तीन टक्क्यांच्या आत राहायचं तर १६ ची वायर लागते. सहाची वायर धक्क्यावर उत्तम चालते. मोठ्या लाटेत जेव्हा पायलटला सगळ्यात जास्त वीज हवी असते, नेमका तेव्हा व्होल्टेज पडतो आणि कॉम्प्युटर पुन्हा चालू होत बसतो. कथील चढवलेली मरीन वायर, रॅचेटच्या क्रिम्परने दाबलेले लग, त्यावर गोंदवाली हीट-श्रिंक. पायलटला स्वतःचा ब्रेकर द्या, तोही बॅटरीजवळ. धन आणि ऋण वायर एकत्र पिळून न्या. त्याचं कारण पुढे सेन्सरपाशी येतं.

क्लचच्या वायरी मोटरच्या वायरींहून वेगळ्या असतात आणि काही क्लच १२ तर काही २४ व्होल्टचे असतात. कॉम्प्युटरवर तो पर्याय निवडावा लागतो. २४ चा क्लच १२ वर घसरतो, १२ चा २४ वर जळतो. वीज देण्याआधी ड्राइव्हवरची पट्टी वाचा.

चाळीस फुटी बोटीवर पायलट सरासरी ४ अँपिअर खातो असं धरलं, तर दिवसाला ९६ अँपिअर-तास होतात. लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याच्या खाली न्यायची नाही म्हटलं, तर २०० अँपिअर-तासांचा संच एकट्या पायलटने एका दिवसात रिकामा केला. २०० वॉटचं सोलर पॅनल चांगल्या उन्हात ६०-७० अँपिअर-तास परत देतं. हा हिशेब पायलट विकत घेण्याआधीच मांडायचा असतो.

दिशा-सेन्सर

सेन्सर चुंबकीय असतो, म्हणून लोखंडाला आणि विजेच्या तारांना बुजतो. स्पीकर, इंजिन, हत्यारांची पेटी, जाड डीसी वायरी यांच्यापासून किमान एक मीटर दूर. पिळलेल्या वायरींचं चुंबकीय क्षेत्र एकमेकांना मारतं, म्हणून मघाशी पिळायला सांगितलं. जागा बोटीच्या मध्याजवळ आणि खालच्या बाजूला असावी, जिथे हेलकावे सगळ्यात कमी. बाण नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, आणि बोटीच्या मधल्या रेषेशी समांतर.

सेन्सर बसवताना सगळं ठीक असतं. मग चार महिन्यांनी कोणीतरी शेजारच्या कप्प्यात बेसनाचे पत्र्याचे डबे आणि प्रेशर कुकर ठेवतं आणि बोट अचानक पंधरा अंश वाकडी जायला लागते. त्या कप्प्याच्या झाकणावर आतून मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: इथे लोखंड ठेवू नये. बोट पोलादाची असेल तर सेन्सर आत चालत नाही, त्याला वर डोलकाठीवर किंवा बाहेर न्यावं लागतं. दूरवर बोलायचा एसएसबी रेडिओ असेल तर त्याच्या तारा पायलटच्या तारांपासून दोन मीटर लांब ठेवा, नाहीतर बोलायला बटण दाबलं की व्हील आपोआप फिरतं.

नेटवर्कबद्दल फार सांगायचं नाही. उपकरणांना एकमेकांशी बोलू देणाऱ्या एनएमईए २००० जाळ्याची एक मुख्य केबल, तिच्या दोन टोकांना दोन टर्मिनेटर, मध्ये एकाच ठिकाणाहून वीज आणि प्रत्येक फाटा सहा मीटरच्या आत. वीज बंद करून दोन डेटा-तारांमध्ये मीटर लावा. ६० ओहम आले तर दोन्ही टर्मिनेटर जागेवर आहेत, १२० आले तर एक हरवलाय.

धक्क्यावर

दोर बांधलेले असताना पहिल्यांदा वीज द्या. या वेळी लॅझरेटमध्ये कोणीही नको. ड्राइव्ह विचारून हलत नाही आणि टिलर आर्म आणि स्टॉपच्या मध्ये आलेलं माणसाचं बोट तुटतं.

स्क्रीन एकेक प्रश्न विचारत जाते: सुकाणू मध्यावर आणा, उजव्या टोकाला न्या, डाव्या टोकाला न्या. मग मोटर कुठल्या बाजूला फिरते ते ती स्वतः हलवून बघते. रडर लिमिट मात्र तुम्ही ठरवा: पक्क्या स्टॉपच्या पाच अंश अलीकडे. नंतर ऑटो लावून +१० दाबा, व्हील उजवीकडे वळायला हवं. स्टँडबाय दाबा, व्हील हाताने मोकळं फिरायला हवं. आणि शेवटी, ऑटो चालू असतानाच ब्रेकर खाली पाडा. तेव्हाही व्हील मोकळं झालं पाहिजे. ही शेवटची चाचणी बहुतेक जण करत नाहीत.

समुद्रात

वारा कमी, पाणी सपाट, आजूबाजूला मोकळं असा दिवस निवडा. मुंबई बंदरात हे भांगाच्या दिवसांत, भरती पूर्ण होऊन पाणी थांबतं त्या सुमाराला करा. उधाणाच्या ओढीत जीपीएस दाखवतं ती वाट आणि बोटीचं तोंड यांत इतका फरक पडतो की सेन्सर कशाशी जुळवायचा तेच कळत नाही.

मोटरवर सावकाश वर्तुळं घ्या. जुन्या फ्लक्सगेट सेन्सरना एक फेरी दोन मिनिटांहून जास्त वेळ घेऊन आणि दोन नॉटच्या आत मारावी लागते. नवे चालत्या बोटीत स्वतःच शिकतात, त्यांना थोडा वेग द्या. फेरीनंतर विचलन, म्हणजे सेन्सरची चूक, पंधरा अंशांहून जास्त दिसलं तर सेन्सरची जागा चुकली आहे. मग आकडे दुरुस्त करत बसू नका, सेन्सर हलवा.

आता शिडावर. +१० चार वेळा दाबून चाळीस अंशांचं वळण द्या आणि बघा. बोट चटकन वळली, फार तर पाच अंश पुढे जाऊन परत आली आणि स्थिर झाली, तर छान. आळसावत वळली तर गेन, म्हणजे दिशा चुकल्यावर सुकाणू किती वळवायचं ते सेटिंग, वाढवा. पुढे जाऊन मागे, पुन्हा पुढे असा नागमोडी माग पाण्यात उमटला तर गेन कमी करा किंवा काउंटर रडर, म्हणजे वळण आवरायला दिलेलं उलटं सुकाणू, वाढवा. ड्राइव्ह सतत टकटक करत असेल, तर तो गरजेपेक्षा जास्त काम करतोय. सपाट पाण्यात प्रतिसाद एक पायरी खाली आणा. मागून येणाऱ्या लाटेत कुठलाच पायलट माणसाइतका हुशार नसतो, कारण माणूस लाट येताना बघतो आणि पायलटला ती आल्यावर कळते. तिथे सेटिंगशी खेळण्यापेक्षा शीड कमी करा.

विंड मोड म्हणजे दिशा न धरता वाऱ्याशी कोन धरून चालणं. उत्तम सोय, पण कोकण किनाऱ्यावर तिची खोडी समजून घ्या. दुपारभर खारा वारा वाहतो, रात्री तो पडतो आणि जमिनीवरून मतलई सुटते. वारा फिरला की पायलट इमानाने बोटही फिरवतो. संध्याकाळी दक्षिणेला लावलेली बोट मध्यरात्री कुठेतरी भलतीकडे निघालेली असते. वारा बदलल्याचा अलार्म लावा आणि रात्री साध्या होकायंत्राच्या मोडवर राहा.

सागरी नियमांतला पाचवा नियम सतत नजर ठेवायला सांगतो, आणि पायलट असला तरी तो लागू आहेच. सातपाटी-अर्नाळ्याच्या बाजूला डोल जाळ्यांचे खांब असतात, पुढे दक्षिणेला रात्री दिवा नसलेल्या बोयांची जाळी. पायलट त्यांच्यात नाकासमोर घुसतो. पायलटवर असताना डेकवर गेलात तर हार्नेस बांधूनच जा. माणूस पडला तरी बोट ठरलेल्या दिशेने शांतपणे निघून जाते.

देखभाल

पाया आणि हाताच्या प्रत्येक नटवर, नटापासून प्लेटपर्यंत, नेलपॉलिशची एक लाल रेघ ओढून ठेवा. महिन्यातून एकदा टॉर्च टाकली की रेघ तुटलेली आहे का ते लगेच दिसतं. तुटली म्हणजे नट फिरला. गोल सांध्याखाली काळी भुकटी दिसली तर तो झिजतोय. लांबच्या प्रवासाला मोटरचे ब्रश, एक गोल सांधा, क्लच, फ्यूज आणि हाताचे दोन बोल्ट जादा न्या. ड्राइव्ह उघडून ब्रश कसे बदलायचे ते धक्क्यावर एकदा करून बघा आणि त्याला लागणारे पाने ड्राइव्हशेजारीच टांगून ठेवा.